'पर गॅदर'ला मराठीत काय म्हणावं?

खोडरबर: पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मार्गदर्शिकेत 'मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर' या सेटिंगपुढे 'प्रति संकलन कमाल समांतर कामगार' लिहिलंय. आकडा ४ ठेवला तर तपासणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला, 'एका क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) एकूण ४ प्रोसेस'. चूक शब्दाची की वाचणाऱ्याची?

अर्धविराम: शब्दाची. ४ ठेवले की राबतात ५, कारण लीडर (क्वेरी चालवणारी मूळ प्रोसेस) स्वतःही टेबल वाचतो ('पॅरलल_लीडर_पार्टिसिपेशन' डीफॉल्ट चालूच असतं). शिवाय आकडा क्वेरीचा नाही, प्लॅनमधल्या एका गॅदर नोडचा, म्हणजे सगळ्यांचं काम गोळा होतं त्या टप्प्याचा. 'कामगार'ऐवजी 'मदतनीस' करा. मदतनीस म्हटला की ज्याला मदत करायची तो वेगळा, हे न सांगता कळतं.

तिरकस: मदतनीस झकास. पण 'समांतर' उडवा. सम अधिक अंतर, म्हणजे कधीच न भेटणाऱ्या रेषा. इथे सगळे गॅदरपाशी भेटतात. आणि सम कसलं? टेबलाच्या सारख्या वाटण्या होतच नाहीत. ज्याच्या हातातलं संपलं तो पुढचे ब्लॉक (टेबलाचे तुकडे) उचलतो. 'एकसमयी' म्हणा.

वळणदार: शाळेतली 'समांतर जोडणी' विसरलात वाटतं. तिथे रोधांची टोकं एकत्रच असतात की! 'एकसमयी' शोधून कोण इथवर येणार?

अर्धविराम: खरी गोम 'कमाल'मध्ये आहे. ती मर्यादा आहे, हमी नव्हे. डीफॉल्टमध्ये ८ एमबीच्या आतल्या टेबलाला मदतनीस नाही. पुढे टेबल तिप्पट झालं की एक वाढतो: २४ एमबीला दुसरा, ७२ला तिसरा, २१६ला चौथा. मोठ्या टेबलाला हवा तो आकडा 'ऑल्टर टेबल' कमांडने 'पॅरलल_वर्कर्स'मध्ये द्या, तरी ही कमाल आडवी येतेच. सगळ्या सर्व्हरला मिळून 'मॅक्स_पॅरलल_वर्कर्स' डीफॉल्ट ८, त्याच्याही वर 'मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस' ८. हे दुसरं बदललं तर रीस्टार्ट. क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझमध्ये 'प्लॅन्ड ४, लाँच्ड १' दिसलं तर बहुधा ही शिल्लकच संपलेली असते.

खोडरबर: प्लॅन्ड, लाँच्ड म्हणजे 'नेमलेले, हजर'?

वळणदार: नेमलेला गैरहजर राहिला तर दोष त्याचा. इथे तो मिळालाच नाही. 'मागितलेले, मिळालेले'.

तिरकस: आणि 'पॅरलल अनसेफ'ला (मदतनीस असताना चालवू नये असं फंक्शन) 'असुरक्षित' लिहू नका, वाचणारा हॅकर शोधत बसेल. फंक्शन तयार करताना काही सांगितलं नाही तर ते अनसेफच धरतात, आणि असं एक फंक्शन आलं की अख्ख्या क्वेरीला मदतनीस बंद. 'समांतर-वर्ज्य' चालेल.

वळणदार: आत्ताच 'समांतर' उडवत होतात ना?

खोडरबर: 'वर्क_मेम'ला (एका सॉर्टसारख्या कामाला मिळणारी कमाल मेमरी) 'कार्यस्मृती' केलंय.

अर्धविराम: कंसातही नको. कॉन्फिग फाइलीत कुणी 'कार्यस्मृती' लिहिलं तर सर्व्हर उठणारच नाही. त्यापेक्षा हिशोब लिहा: वर्क_मेम ६४ एमबी, प्रोसेस ५, प्रत्येकीत २ सॉर्ट, म्हणजे ६४० एमबीपर्यंत, तेही एकाच क्वेरीला. मदतनीस वाढवून मेमरी संपते ती अशी.

खोडरबर: बरं, 'पर'चं राहिलंच. 'प्रति' की 'दर'?

तिरकस: 'दर गॅदर'. निदान यमक तरी जुळतंय.

वळणदार: दर म्हणजे भाव वाटेल.