घरातल्या फोटोंसाठी फोन पुरेसा आहे, की वेगळा कॅमेरा घ्यावा?

प्रश्न

माझी मुलगी दीड वर्षाची असून आता घरभर धावू लागली आहे. दिवसा अंगणात फोनने काढलेले तिचे फोटो उत्तम येतात. मात्र संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोंत चेहरा पुसल्यासारखा दिसतो आणि हात तर दोन-दोन दिसतात. दुकानदार १८-५५ मिमीच्या झूम लेन्ससह मिळणारा एपीएस-सी (फोनपेक्षा मोठ्या सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा, कॅमेरा सुचवत आहेत. आम्ही रत्नागिरीत राहतो. एवढा खर्च करावा का?

उत्तर १

अपुऱ्या प्रकाशात फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम टिपून त्या एकमेकींवर बसवतो. स्थिर वस्तूंसाठी ही युक्ती छान चालते, पण धावते मूल तेवढ्या वेळात पुढे गेलेले असते, म्हणून हात दोन दिसतात. एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या साधारण पाचपट क्षेत्रफळाचा असल्यामुळे त्यावर हालचाल गोठवण्यासाठी शटर १/२५० सेकंदावर ठेवून आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत नेता येतो.

मात्र दुकानदारांची लेन्स या कामाची नाही. ५५ मिमीवर ती एफ/५.६ एवढीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे), म्हणजे एफ/१.८ च्या तुलनेत जेमतेम एक दशांश प्रकाश आत घेते, आणि मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच संपते. त्याऐवजी ३५ मिमी एफ/१.८ लेन्स घ्यावी. ५० मिमी बहुधा स्वस्त मिळते, पण तिच्या चौकटीत कमी भाग मावतो, म्हणून खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते.

उत्तर २

वरील हिशेब मान्य आहे. तरी आमचा मुलगा पहिल्यांदा आधाराशिवाय उभा राहिला तेव्हा कॅमेरा कपाटात होता आणि फोन हातात, हेही सांगायला हवे. शिवाय आपल्याकडचा पावसाळा! एका मोसमात माझ्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी धरली. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च किमतीत आधीच धरावा. ८ × १२ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ८६ लाख पिक्सेल पुरतात, तेव्हा मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आज दुपारी चार वाजता खेळणी खिडकीपाशी मांडून पाहिली. फोननेच काढलेल्या फोटोत तिच्या पापण्यासुद्धा स्पष्ट आल्या. संध्याकाळची अडचण तशीच असल्याने जुनी बॉडी (लेन्सशिवायचा वापरलेला कॅमेरा) आणि नवी ३५ मिमी लेन्स यांची चौकशी करतो. जुनी बॉडी घेताना काय तपासावे?

उत्तर १

शटर किती वेळा चालले आहे, ते विचारा. लेन्स जुनी घेतलीत, तर तिच्यातून टॉर्चचा प्रकाश आरपार पाडून बुरशी आहे का, ते आधी पाहा.