फायर आणि अल्पाइन सॅलमँडर: फरक नेमका कुठे बघायचा?

प्रश्न (सातारा): उभयचरांच्या माहितीफलकासाठी सॅलमँडरच्या (पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर) या दोन जातींतला फरक हवा आहे. नुसत्या रंगावर भागेल का?

उत्तर (सांगली): बहुतेक वेळा भागतं. पिवळे डाग म्हणजे फायर, सबंध काळा म्हणजे अल्पाइन. पण उत्तर इटलीतली ऑरोरी ही अल्पाइनचीच उपजात, आणि तिच्या पाठीवर पिवळट ठिगळं असतात. तिथे हमखास चूक होते. म्हणून अंगलट बघा. अल्पाइन सडपातळ, शेपटीसकट साधारण ९ ते १४ सेंमी. कुशीवर बरगड्यांच्या वळ्या ठळक. फायर जाडजूड, बहुधा १५ सेंमीच्या पुढे. डोळ्यांमागच्या विषग्रंथी दोघांनाही असतात, त्यावरून ठरवू नका.

उत्तर (कराड): खरी गंमत पिल्लांत आहे. फायरची मादी ओढ्यात कल्ले असलेल्या अळ्या सोडते, एका वेळी डझनांनी. अल्पाइनला त्यासाठी पाणी लागतच नाही. दोन-तीन वर्षं पोटात वाढवून ती बहुधा दोनच पिल्लं देते, तीही पूर्ण वाढलेली. उरलेली अंडी हेच त्यांचं पोटातलं खाद्य. फलकावर हे मोठ्या अक्षरात छापा!

प्रश्न (सातारा): कोयनेकडे यांचा कुणी भाऊबंद?

उत्तर (सांगली): नाही. सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत. देवगांडूळ उभयचर खरं, पण बिनपायाचं, वेगळ्या गणातलं.