बँकेत कार्ड-लॉगिन: रीडर वायरवाला घ्यावा की वायरलेस?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आमची तालुक्याची सहकारी बँक. मुख्य कार्यालय आणि शाखा धरून चाळीसेक संगणक, सगळे विंडोज, एकाच डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळलं जातं. पासवर्डला वैतागलेय. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी काढते, सोमवारी पुन्हा हजर. म्हणून चिपचं कार्ड आणि पिन असं लॉगिन करायचं ठरलंय. कार्डावर वाद नाही, गाडी रीडरवर अडलीय. एका संचालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात वायरलेस रीडर बघितला आणि "आता कुठल्या वायरी घेऊन बसता" असं चाललंय. मला वायरवालाच बरा वाटतो, पण मीटिंगमध्ये "बरा वाटतो" म्हणून भागत नाही. मुद्दे द्या. कॅशियरचा सीपीयू काउंटरखाली आहे, तिथे हात पोचत नाही, हेही लक्षात घ्या.

रात्रपाळी
ताई, संचालकांना आधी विचारा, नक्की कुठली वायर नकोय? कारण बाजारात दोन वेगळ्या वस्तू "वायरलेस" म्हणूनच विकतात. एकात रीडर यूएसबीनेच जोडायचा, फक्त कार्ड खाचेत न घालता वर टेकवायचं. दुसऱ्यात कार्ड खाचेत जातं आणि रीडर संगणकाशी ब्लूटूथने बोलतो. दोन्हींची दुखणी निराळी.

ब्लूटूथवाल्याचं आधी सांगतो, कारण ते मी निस्तरलंय. मी एका हॉस्पिटलच्या आयटीत आहे. वॉर्डातल्या फिरत्या ट्रॉल्यांवर लॅपटॉप, त्यांना असे रीडर दिले होते. कार्ड काढलं की स्क्रीन लॉक व्हावी अशी पॉलिसी आम्ही लावली होती, आणि ती हवीच. पण बॅटरी वाचवायला रीडर झोपला की विंडोजच्या लेखी कार्ड निघालेलं असतं. सिस्टर औषधांची नोंद करतायत आणि मध्येच स्क्रीन बंद. चार दिवसांत त्यांनी कंटाळून पॉलिसीच काढा म्हणून अर्ज दिला. म्हणजे ज्यासाठी कार्ड आणलं तेच गेलं! तुमच्या कॅशियरसमोर तर गिऱ्हाईक उभं असणार.

दुसरं असं की, यूएसबी रीडरसाठी सीसीआयडी नावाचं ठरलेलं मानक आहे. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, लावला की लॉगिन स्क्रीनवरच दिसतो. ब्लूटूथ रीडरला असं सर्वमान्य मानक नाही, जो तो कंपनीचं सॉफ्टवेअर मागतो. पुष्कळसे तर मोबाइल ॲपसाठीच बनवलेले असतात. लॉगिनच्या आधी, म्हणजे कोणीच आत नसताना, तो जोडला जातो का हे विक्रेत्याला तुमच्याच मशीनवर करून दाखवायला लावा.

आता सुरक्षेचं. कार्डातली खासगी की, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त आकडा, चिपच्या बाहेर येतच नाही, डिजिटल सही आतल्या आत होते. त्यामुळे हवेतून ऐकणाऱ्याच्या हाती की लागत नाही. लागू शकतो तो पिन. तो संगणकाकडून कार्डाकडे जातो आणि रीडरने स्वतः वेगळं एन्क्रिप्शन केलं नसेल तर सगळी भिस्त ब्लूटूथवर. २०१९ मध्ये उघड झालेल्या 'नॉब' हल्ल्यात क्लासिक ब्लूटूथची एन्क्रिप्शन की एका बाइटइतकी कमकुवत करून दाखवली होती. टेकवायच्या कार्डांनाही हाच प्रश्न आहे. अमेरिकी सरकारच्या पीआयव्ही, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्र-कार्डांच्या मानकात साध्या काँटॅक्टलेस मार्गाने पिन पाठवायला परवानगीच नाही, आधी कार्डाशी वेगळी सुरक्षित वाहिनी उभी करावी लागते.

भिडेवाडा_कट्टा
एवढं कशाला? आमच्या ऑफिसात दाराला जे हजेरीचं कार्ड लागतं तेच पॅडवर टेकवून लॉगिन होतं. दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही.

रात्रपाळी
भिडेवाडा, ते लॉगिन कार्डाचा नुसता नंबर वाचून होतंय का, एवढं तपासा. नंबर गुप्त नसतो. चार बोटांवरून कुठलाही रीडर तो वाचतो, आणि नंबर बदलता येणारी कोरी कार्डं सहज मिळतात. कार्ड मायफेअर क्लासिक, म्हणजे दाराला सर्रास वापरतात त्या जुन्या जातीचं असेल तर त्याचं एन्क्रिप्शनही २००८ मध्येच नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडलंय. दाराला ठीक, बँकेच्या लॉगिनला नको. "काही बिघडलं नाही" म्हणजे कुणी प्रयत्न केला नाही, एवढाच अर्थ निघतो.

सुपारीकातर
रीडरवर एवढी चर्चा, पण पिन टाइप कशावर करणार? काउंटरवर वायरलेस कीबोर्ड असतील तर मग काय उपयोग? २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीने दाखवलं होतं की कितीतरी स्वस्त वायरलेस कीबोर्ड एन्क्रिप्शनशिवायच बोलतात, आणि अडीचशे फुटांवरून टाइप केलेलं वाचता येतं. नुसत्या पिनने चोराला आत जाता येत नाही, कार्ड लागतंच, हे खरं. पण मग दोन कुलपांतलं एक उघडंच राहिलं की. रकमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना तरी रीडरवरच आकडे असलेलं मॉडेल द्या, पिन संगणकाच्या कीबोर्डवरून जातच नाही.

कृष्णाकाठची
कीबोर्डचं डोक्यातच नव्हतं, दोन शाखांत आहेत तसले. रात्रपाळी, ट्रॉलीचा किस्सा मीटिंगमध्ये सांगितला तर चालेल ना? एक राहिलं: काउंटरखालच्या सीपीयूसाठी एक्स्टेन्शन वायर टाकू की यूएसबी हब?

रात्रपाळी
सांगा की, खुशाल. हब नकोच, त्यातून स्वस्तातला तर मुळीच नको. विंडोज वीज वाचवायला हबला झोपवतं आणि वायरवाला असूनही तोच ट्रॉलीचा खेळ सुरू होतो. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. दीड-दोन मीटर वायरीचा रीडर मागा आणि काउंटरवर दुहेरी टेपने पक्का बसवा, म्हणजे कार्ड एका हाताने ओढता येतं. कार्ड काढल्यावर लॉक होण्याची पॉलिसी लावाल तेव्हा 'स्मार्ट कार्ड रिमूव्हल पॉलिसी' ही सर्व्हिस ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा, नाहीतर पॉलिसी नुसती कागदावर. आणि पिन चुकून कार्ड लॉक झालं तर ते उघडायचा वेगळा कोड, म्हणजे पीयूके, कुणाकडे राहणार, हे त्याच मीटिंगमध्ये ठरवून घ्या. शनिवारी दुपारी शाखेतून फोन येतो तो त्याचाच.