कॅबरनेच्या वाइनला हिरवट वास: वाण बदलावा की बाग सुधारावी?

प्रश्न
आमच्या वडिलोपार्जित वाइनबागेत कॅबरने सॉव्हिन्यॉन या द्राक्षवाणाचे वेल आहेत. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातील साखर मोजणारे उपकरण) २४ ब्रिक्स, म्हणजे साधारण २४ टक्के साखर, दिसल्याखेरीज आम्ही तोडणी करत नाही, तरीही गेले दोन हंगाम वाइनला नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीसारखा वास येत आहे. वेल उपटून लवकर पिकणारे टेम्प्रानियो लावावे, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर १
हा वास पायराझिन गटातील संयुगांचा असून या वाणाला तो वारशानेच मिळाला आहे. कॅबरने फ्रँक आणि सॉव्हिन्यॉन ब्लांक यांच्या संकरातून हे वाण जन्मल्याचे १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले, आणि दोन्ही जनकांत हा वास आढळतो. साखर वाढली म्हणजे वास गेलाच, असे नाही. पायराझिन मण्यांत पाणी उतरण्यापूर्वी (म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागण्यापूर्वी) साठते आणि नंतर घटत जाते. म्हणून घडांना ऊन मिळावे यासाठी त्यांच्याभोवतालची पाने मणी धरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच, सकाळचे ऊन येते त्या बाजूने विरळ करावीत आणि दुपारच्या बाजूची राखावीत, अन्यथा मणी भाजतात. एका वर्षी मजुरांअभावी आम्ही हे काम पाणी उतरल्यावर केले. मजुरी गेली, वास राहिला.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे, परंतु माजलेल्या वेलाची पाने कितीही काढली तरी बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघणारे नवे फुटवे) पुन्हा सावली करतात. पाणी उतरण्याच्या सुमारास शेंडे वाढतच असतील, तर नत्र आणि पाणी जास्त होत आहे, असे समजावे. छाटणीत डोळे (काडीवरील कळ्या, ज्यांतून नवी फूट येते) फार कमी ठेवल्यानेही उरलेल्या काड्या अवाजवी जोर धरतात. (वेल आटोक्यात ठेवण्यासाठी कडक छाटणी करणारे नेमके उलटे फळ मिळवतात.)

मुळे निरोगी असतील तर वाण बदलण्यासाठीही वेल उपटावा लागत नाही, जुन्या खोडावर नवे कलम बांधता येते. मात्र त्याआधी हंगामाअखेरची पाने पाहावीत: पान लाल, शिरा हिरव्या आणि कडा खाली वळलेल्या असल्यास लीफरोल विषाणूची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. हा रोग पक्वता लांबवतो आणि कलमातून नव्या वाणातही उतरतो.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. लाल पाने आम्ही आजवर हंगाम सरल्याची खूण समजत होतो. गेल्या वर्षीची छायाचित्रे पाहिली असता एका ओळीत शिरा स्पष्ट हिरव्या दिसतात, त्यामुळे कलमाचा विचार तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबवला आहे.