११ केव्हीची केबल चरात उघडी पडलीय, रबरी हातमोजे घालून सरकवता येईल का?

चर_आणि_पाइप
ड्रेनेजच्या चरात जेसीबीला ११ केव्हीची तीन कोअर (आत तीन तारा असलेली) एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल लागली. वरचं आवरण वीतभर खरवडून आतल्या लोखंडी पट्ट्या दिसतायत. पाइप बसवायला केबल दोन फूट बाजूला हवी. ठेकेदार म्हणतो, शटडाउन मिळायला दोन दिवस जातील, रबरी मोजे घालून चौघं उचलतील. लांबून वाजणारा टेस्टर लावला, वाजला नाही. क्लॅम्प मीटर शून्य दाखवतो. म्हणजे केबल बंदच ना?

फीडर_२२
अजिबात नाही. प्रत्येक कोअरभोवती तांब्याच्या टेपचा स्क्रीन असतो आणि तो अर्थ केलेला असतो. विद्युत क्षेत्र त्याच्या आतच राहतं, त्यामुळे चालू केबलवरही तो टेस्टर गप्प बसतो. क्लॅम्पचं तर सोडाच: तिन्ही फेज एकत्र धरले की प्रवाह एकमेकांना खोडतात, भरपूर लोड असला तरी काटा जवळपास शून्यावर. शिवाय रिंगमध्ये (दोन्हीकडून पुरवठा येऊ शकणाऱ्या जोडणीत) पुढचा आरएमयू (रिंगमधला स्विच) ओपन असेल तर लोड मुळातच नसतो, पण फेज ते जमीन ६.३५ केव्ही तसेच उभे असतात.

चर_आणि_पाइप
आणि मोजे?

जॉइंटर
मोज्यावर क्लास छापलेला असतो. क्लास ० फक्त १००० व्होल्टपर्यंत, क्लास १ साडेसात हजार, क्लास २ सतरा हजार. ११ केव्हीला क्लास २ लागेल, त्यावर चामडी मोजा, आणि वापरण्याआधी हवा भरून भोक तपासायचं. पण एवढं करूनही झाकले जातात फक्त हात. केबल उचलताना ती छातीला, गुडघ्याला टेकते, पाय ओल्या चिखलात. जेसीबीच्या बादलीचा दात आत किती गेलाय हे वरून कळत नाही. इन्सुलेशनला चीर असेल तर वाकवताच फॉल्ट होतो आणि रिले (फॉल्ट ओळखून पुरवठा तोडायला लावणारी यंत्रणा) ट्रिप करेपर्यंतच्या आर्कने चौघंही भाजतात. जवळपास जुना जॉइंट असेल तर ओढल्याने आतली फेरुलही (तारांची टोकं जोडणारी नळी) निसटू शकते.

फीडर_२२
म्हणून १९१२ ला (वीज तक्रारीचा नंबर) कळवा, फीडर बंद करून लेखी परमिट घ्या. दोन्ही टोकं ओपन, कुलूप, फलक. ग्राहकाच्या जनित्रातून बॅकफीड (उलट्या बाजूने वीज) येत नाही ना, हेही बघायचं. मग टर्मिनेशनवर (केबलच्या टोकाच्या जोडणीवर) एचटी (उच्च दाबाच्या) डिटेक्टरने तपासणी, डिस्चार्ज रॉड, दोन्हीकडे अर्थिंग. केबल कंडेन्सरसारखी चार्ज धरून ठेवते, त्यामुळे अर्थिंग काम संपेपर्यंत काढायचं नाही. चरात दोन-तीन केबल असतील तर सिग्नल सोडून नेमकी कोणती ते ओळखा. नकाशावर भरवसा नको.
सरकवल्यावर जॉइंटरकडून जखम तपासून दुरुस्ती. अर्थिंग काढून ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), मेगरनंतर पुन्हा डिस्चार्ज. पुरताना ०.९ मीटर खोली, खाली-वर वाळू, त्यावर विटा.

चर_आणि_पाइप
शटडाउन मिळेपर्यंत चराचं काय करू?

जॉइंटर
खोदकाम थांबवा, बॅरिकेड लावा. केबल लोंबकळत असली तरी आधार द्यायला कुणी उतरू नये, तेही शटडाउनमध्येच. पाणी साचलं तर पंपाचा पाइप टाकायलासुद्धा खाली जायचं नाही. उघड्या पट्ट्यांवर चिकटपट्टी गुंडाळायचा मोह तर मुळीच नको.