फ्रेंचमधले ‘ल’, ‘ला’, ‘अँ’, ‘द्यू’

प्रश्न : फ्रेंच नुकतंच सुरू केलंय. ‘ल’ म्हणजे इंग्रजीतला द आणि ‘अँ’ म्हणजे इंग्रजीतला अ, एवढं वहीत उतरवलं. पण ‘मला कॉफी आवडते’ हे ‘जेम ल काफे’ कसं? इंग्रजीत तर इथे द लागत नाही.

उत्तर : आधी इंग्रजीचं बोट सोडा. फ्रेंच माणूस नामाला सहसा एकटं सोडत नाही. कॉफी या पदार्थाबद्दल सरसकट बोलायचं तर ‘ल काफे’. कॅफेत बसून एक कप मागवायचा तर ‘अँ काफे’. पोटात जाणारी, न मोजलेली कॉफी ‘द्यू काफे’. ‘मी कॉफी पितो’ म्हणजे ‘ज ब्वा द्यू काफे’. आपण तिन्हीकडे नुसतं ‘कॉफी’ म्हणून मोकळे!

नकार आला की ‘अँ’ आणि ‘द्यू’ जाऊन सहसा ‘द’ येतो (हा फ्रेंच ‘द’, इंग्रजीतला नव्हे) : ‘ज न ब्वा पा द काफे’. पण नावडत असली तरी ‘ल’ जागचा हलत नाही : ‘ज नेम पा ल काफे’. नवशिके हमखास इथे घसरतात.

प्रश्न : मराठीत ही भानगडच नाही, म्हणून जड जातंय.

दुसरं उत्तर : आहे की, फक्त नामाच्या आधी नाही, नंतर आहे. ‘मुलगी बघायला गेलो’ म्हणजे स्थळ बघायला. ‘मुलीला बघायला गेलो’ म्हटलं की मुलगी ठरलेली, कदाचित तापाने पडलेलीही. हा फरक आपला ‘ला’ प्रत्यय करतो. फ्रेंच ‘ला’शी, म्हणजे ‘ल’च्या स्त्रीलिंगी रूपाशी, मात्र त्याचं नातं नाही; तो फ्रेंच ‘ला’ लॅटिन ‘इल्ला’, म्हणजे ‘ती’, याचा वंशज. खुद्द लॅटिनमध्ये असली उपपदं, म्हणजे नामाआधी येणारे हे ‘ल’, ‘अँ’सारखे शब्द, नव्हतीच.

लिंगाचं म्हणाल तर तो-ती-ते करत वाढलेल्यांना त्याचं भय नसावं. फक्त मराठीवरून अंदाज बांधू नका. सूर्य तिथेही पुल्लिंगी, पण चंद्र ‘ला ल्यून’, चक्क बाई! शब्द पाठ करायचा तो उपपदासकटच. ‘ल तूर’ म्हणजे फेरी, म्हणून १९०३ साली सुरू झालेली सायकलशर्यत ‘ल तूर द फ्रांस’. ‘ला तूर’ म्हणजे मनोरा, म्हणून १८८९चा आयफेल टॉवर ‘ला तूर एफेल’.

प्रश्नकर्ती : माझं आजोळ लातूर. मनोरा स्त्रीलिंगी, झालं पाठ.