मदत हवी आहे: एक मैलावर रायफल नेमबाजीसाठी कार्ट्रिज (काडतूस) .३०० नॉर्मा की .३३८ लापुआ?

मी ठाण्यात ५० मीटर प्रोन (झोपून नेमबाजी) मारतो, लाँग रेंजचा अनुभव नाही. टेक्सासमधला भाऊ एक मैलाच्या (१६०९ मीटर) स्टील टार्गेटसाठी नवीन रायफल घेतोय, कार्ट्रिज आम्ही दोघं मिळून ठरवतोय. त्याच्या आत्ताच्या ६.५ क्रीडमूर रायफलला १४० ग्रेन (बुलेटचं वजन) ची बुलेट हजार यार्डांपर्यंत झकास जाते पण पुढे वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की ग्रुप फाटतो, म्हणजे गोळ्या विखुरतात. बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये .३०० नॉर्मा मॅग्नम २३० ग्रेन आणि .३३८ लापुआ ३०० ग्रेन दोन्ही टाकून बघितलं, दोन्ही मैलभर सुपरसॉनिक (ध्वनीपेक्षा वेगवान) राहतात, म्हणजे तिथे फैसला होत नाही. रीलोडिंग (काडतुसं स्वतः भरणं) तो घरीच करतो, मझल ब्रेक (झटका कमी करणारा नळीच्या तोंडाचा भाग) लावणारच, आणखी मोठं .३७५ चेटॅक बजेटबाहेर. मिस कुठे पडली ते त्याला स्वतःच्याच स्कोपमधून दिसायला हवं, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यासाठी रिकॉइल (मागे बसणारा झटका) कमी हवा, म्हणून माझा कल हलक्या बुलेटच्या नॉर्माकडे. ज्यांनी दोन्ही मारल्यात त्यांनी प्लीज सांगा, रिकॉइलमधला फरक खरंच जाणवतो का, आणि नॉर्माचं बॅरल किती राउंड टिकलं?